कोठावळ्यांनी कळवलेली दुरुस्ती

शिवलिंग कोठावळे श्रावणात वारले, पण ‘वेशीवरून’चा अंक ते त्यानंतरही रोज सकाळी उघडून वाचत होते.

‘वेशीवरून’ हे बार्शीचं बातमीपत्र. त्याला ना कागद, ना जाहिरात. रोज पहाटे ते वर्गणीदारांना ईमेलने यायचं. ते काढणारा तन्वीर बागवान पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत एकटाच बसायचा. गिरिजाबाई नवऱ्याची वर्गणी बंद करायला म्हणून तिथला जिना चढून गेल्या, तेव्हा त्यांना हे प्रकरण कळलं.

“बंद नाही करता येणार, काकू,” लॅपटॉपवरचं पीठ फुंकत तन्वीर म्हणाला. “वाचक अंक उघडतोय तोवर आम्ही त्याचं नाव काढत नाही. काका रोज उघडतात. कालचा तर दोनदा उघडला.”

“अरे, त्यांचा फोन बंद करून मी कपाटात ठेवलाय.”

“कुठून उघडतात ते आम्ही बघत नाही. वाचकाची खाजगी बाब आहे ती.”

गिरिजाबाईंना ते पटलं. माणूस सगळा जन्म भूमापन कार्यालयात काढलेला; भरलेली वर्गणी वाया घालवणाऱ्यातला नव्हताच. पण पटलं तसा त्यांना रागही आला. त्यांच्या घरात आता आवाज म्हणजे कुकरच्या शिट्टीचा. चार शब्द बोलायला मिळावेत म्हणून त्या भाजीवालीशी उगाच घासाघीस करत आणि शेवटी ती म्हणेल तोच भाव देऊन येत. आणि ह्यांना अंक वाचायला सवड होती, बायकोला दोन ओळी लिहायला नव्हती!

“मग माझा एक निरोप घाल त्यात,” त्या म्हणाल्या. “गिरिजा विचारत होती म्हणावं.”

“निरोप आम्ही पोचवत नाही, काकू. बातमी पोचवतो. कुणी सांगितलं म्हणून किंवा पैसे दिले म्हणून आमच्याकडे काही छापून येत नाही.”

“बरं, ते तुला तरी काही लिहितात का?”

“बातमीत चूक असली तरच लिहायचे. टाकी पूर्वेला नाही, ईशान्येला आहे, असं. वारल्यापासून एकही पत्र नाही.” तन्वीरची मान जरा ताठ झाली. “आमच्या चुका कमी झाल्यात.”

“मग कर की एखादी चूक, मेल्या!”

तन्वीरचा चेहरा असा उतरला की गिरिजाबाईंनीच विषय सोडला. जिना उतरताना मात्र त्यांनी मनाशी ठरवलं, निरोप जात नसेल तर आपणच बातमी व्हायचं. आपण अजून आहोत, एवढं त्या माणसाला कळलं तरी पुष्कळ होतं.

त्यांच्या गल्लीतल्या गटाराचं झाकण पावसाळ्याआधीच गायब झालं होतं आणि नगरपालिकेत खेटे घालून शेजारपाजार दमला होता. सोमवारी सकाळी गिरिजाबाईंनी ह्यांची वेताची खुर्ची उचलली, गटाराला लागून भर रस्त्यात टाकली आणि मांडीवर ताट घेऊन तांदूळ निवडत बसल्या. रिक्षा अडल्या, शाळेची बस अडली.

“आज्जी, बाजूला व्हा की ओ!” बसचा ड्रायव्हर ओरडला.

“झाकण आलं की होते,” त्या खडे बाजूला काढत म्हणाल्या.

मुकादम येऊन हात जोडून गेला. दुपारी झाकण आलं. तन्वीरही आला. त्याने गिरिजाबाईंना विचारलं, मग समोरच्या शिंप्याला विचारलं, कारण कुठलीही गोष्ट दोघांनी सांगितल्याशिवाय तो छापत नसे.

मंगळवारच्या अंकात बातमी आली. गिरिजाबाईंनी आपल्या फोनवर वर्गणी सुरू केली होती, त्यामुळे त्यांना ती चहाबरोबर वाचता आली. गोल झाकण बसल्याचं होतं, तांदळाचं होतं, आणि शेवटी लिहिलं होतं: ‘श्रीमती कोठावळे घरी एकट्याच राहतात.’ त्यात खोटं काही नव्हतं. तरी ते वाक्य त्यांना सकाळभर टोचत राहिलं. शिंप्याची जीभ वळवळली असणार!

दुपारी तन्वीरचा फोन आला. त्याचा आवाज पडलेला होता.

“काकू, दुरुस्ती आलीय. एका वाचकाचं म्हणणं आहे, ‘एकट्याच राहतात’ हे चुकीचं आहे.”

गिरिजाबाई खाली बसल्या. “कोण वाचक?”

“काकाच. पण एकाच्या सांगण्यावरून आम्ही दुरुस्ती छापत नाही. दुसऱ्या कुणीतरी दुजोरा द्यावा लागतो.”

गिरिजाबाईंनी घरभर नजर फिरवली. दिवाण होता, कपाट होतं, कालपासून दाराशीच राहिलेली वेताची खुर्ची होती. त्यांना रडू फुटलं, आणि ते फोनवर ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी तोंडावर पदर धरला.

“आणखी काही लिहिलंय त्यांनी?” जरा वेळाने त्यांनी विचारलं.

“झाकण गोल नाही, चौकोनी आहे म्हणून लिहिलंय. ते मी आत्ता बघून आलो. चौकोनीच आहे.”

“मग दुसरंही बरोबरच असणार. त्यांचं मोजमाप कधी चुकलं नाही.”

“म्हणजे तुमचा दुजोरा धरू?”

“धर.”

बुधवारच्या अंकात तळाशी दुरुस्ती आली. झाकण चौकोनी असून श्रीमती कोठावळे घरी एकट्या राहत नाहीत, असं तीत म्हटलं होतं आणि चुकीबद्दल दिलगिरी होती. गिरिजाबाईंनी ती मोठ्याने वाचली.

“सगळ्या गावाला कळवलंत,” त्या म्हणाल्या, “मला सांगायला काय झालं होतं?”

मग त्यांनी दाराशी राहिलेली खुर्ची आत आणून जागेवर ठेवली आणि पंखा एक नंबर कमी केला. ह्यांना झोत सोसत नसे.