खांद्यावरची पाच सोनेरी बोटं

“काका, तुमच्या फ्लेक्सवरची माणसं आतून बल्ब लावल्यासारखी कशी काय चमकत्यात?”

प्रश्न हर्षालीचा नव्हता, पैज वैष्णवीची होती. “गौरीशंकरच्या दुकानात जाऊन विचारून दाखव!” असं ती दहावीच्या अख्ख्या वर्गासमोर म्हणाली होती. बेंबळीतल्या त्या फ्लेक्सच्या दुकानात मुली फक्त पासपोर्ट फोटोला जायच्या आणि ‘हनुवटी खाली’ एवढंच ऐकून परत यायच्या. पण गौरीशंकर हसला नाही. त्यानं स्टूल पुढं सरकवलं. “बस. दाखवतो.”

आणि काय दाखवलं त्यानं! एका क्लिकमध्ये माणसाच्या कडेनं झळझळीत सोनेरी रेघ. मग मास्क, म्हणजे फोटोवरचा झाकायचा पडदा. काळा ब्रश फिरवला की माणूस गायब, पांढरा फिरवला की परत हजर! “खोडायचं न्हाय पोरी, नुसतं झाकायचं. खोडलेलं परत येत न्हाय, झाकलेलं येतं.” बाहेर वैष्णवी पैज हरून ताटकळत होती आणि हर्षालीला स्टुलावरून उठावंसंच वाटेना.

वडिलांनी, म्हणजे इंद्रजितरावांनी, अट घातली. “दिवाळीची सुट्टी हाय तवर जा. पर एक जरी तक्रार दारात आली, तर दुकानात जाणं बंद. पुढं लातूरला क्लास लावायचाय तुझा.”

आठ दिवस निर्मळ गेले. नवव्या दिवशी गौरीशंकर एक फ्लेक्स लावायला तुळजापूरला गेला आणि नेमके बब्रुवानतात्या दुकानात आले. दुसऱ्या दिवशी त्यांचा साठावा वाढदिवस. धड फोटो एकच. ढोकीच्या साखर कारखान्यासमोर तात्या, शेजारी त्यांचे जिवलग दोस्त महालिंगप्पा, आणि महालिंगप्पांचा हात तात्यांच्या खांद्यावर. पण कुणाचा ऊस आधी तुटणार यावरून चार महिने दोघांचं बोलणं बंद होतं.

“ह्याला काढ,” तात्या म्हणाले.

“तात्या, त्यांचं पोट तुमच्या सदऱ्यावर आलंय.”

“त्येचं पोट समद्यांच्याच मधी येतं. काढ!”

हर्षालीनं काय सुरेख काम केलं म्हणून सांगावं! कॉम्प्युटर अडकू नये म्हणून आधी सोनेरी रेघ बंद ठेवली. मग मास्कवर काळा ब्रश फिरवून महालिंगप्पांना झाकलं. पोट झाकलं, खांद्यावरची बोटंसुद्धा एकेक करून झाकली. उघड्या पडलेल्या जागेला खालून पांढऱ्या सदऱ्याचं ठिगळ लावलं. शेवटी रेघ चालू केली आणि चित्र अंगठ्याएवढं लहान करून बघितलं. तात्या झगमगत होते. फाईल धाराशिवला छपाईला गेली.

सकाळी स्टँडवर दहा फुटी फ्लेक्स उभा राहिला आणि खाली गर्दी जमली. मास्कनं जिथं जिथं कापलं होतं, तिथं तिथं सोनेरी रेघ इमानदारीनं फिरली होती. तात्यांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर एका भल्यामोठ्या पोटाचा गोल लखलखत होता आणि खांद्यावर पाच सोनेरी बोटं.

“करंगळी बघा की, वाकडी हाय!” कुणीतरी ओरडलं. “ह्ये तर महालिंगप्पाच!”

तासाभरात तात्या हर्षालीच्या दारात. “इंद्रजित, भाईर ये! तुझ्या पोरीनं त्येला काढायचा सोडून देव केला की!”

तक्रार आली होती, तीही चपला न काढता. मागोमाग गौरीशंकर धापा टाकत पोचला. “तात्या, पोरीची चूक न्हाय. मास्कनं रेघसुद्धा झाकावी म्हणून एक बारकी चौकट असती, तिच्यात टिक करावी लागती. ती म्याच सांगितली न्हाय.” एवढा मोठा कलाकार आणि भर गल्लीत चूक स्वतःच्या अंगावर घेत होता!

एवढ्यात गल्लीच्या टोकाला खरंखुरं पोट दिसलं. महालिंगप्पा हातात हार घेऊन येत होते.

“बबऱ्या! मला काढलंस, पर माझी जागा सोन्यानं मढवलीस व्हय रं?”

तात्यांनी हारासाठी मान पुढं केली. “मग? तुझ्याबगर फोटो भरतो व्हय?”

दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून फ्लेक्सखाली फोटो काढायला निघाले. जाताना तात्या मागं वळले. “पोरी, त्या टिकला हात लावायचा न्हाय, सांगून ठिवतो!”

“आता ही तक्रार धरायची का न्हाय?” इंद्रजितराव डोकं खाजवत म्हणाले.

संध्याकाळी तेच हळूच हर्षालीजवळ आले. हातात घरच्या वास्तुशांतीचा फोटो होता. “हर्षे, ह्यातनं तुझ्या मामाला तेवढं झाक की. बेमालूम.”

“आन् तुझ्या आत्याला बी!” स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. “एकाच ब्रशात दोघं होत्याल.”

हर्षालीनं फोटो टेबलावर ठेवला आणि ताठ उभी राहिली.

“आई, बाबा, माझं ठरलंय. लातूरचा क्लास नको, मी हेच शिकणार. आन् माणसं काढायचं काम मी घेणार न्हाय. कुणाला आत घ्यायचं असंल, तर सांगा.”