चौथी 'ब'मधली बंदूक

१९७१ साली, गणपती विसर्जनानंतरच्या सोमवारी, सकाळची प्रार्थना चालू असताना हिंदुराव चव्हाण मास्तर खांद्याला बारा बोअरची बंदूक अडकवून मंगळवार पेठेतल्या आपल्या शाळेत आले. बंदुकीवर हिरव्या इरकली लुगड्याची गवसणी होती. मास्तर मुलांच्या रांगेमागे नेहमीच्या जागी उभे राहिले आणि हात जोडून प्रार्थनेत सामील झाले. मुख्याध्यापक कुलकर्णी यांनी शेवटचे कडवे दोनदा म्हणवून घेतले. प्रार्थना संपल्यावर काय करायचे ते त्यांना सुचत नव्हते, असे त्यांनीच मला सांगितले.

मास्तर चौथी 'ब'च्या वर्गात गेले. नकाशांच्या कोपऱ्यात बंदूक उभी केली, तिच्याभोवती खडूने वर्तुळ काढले. "ह्याच्या आत पाय पडला तर पायाचा मालक मधल्या सुट्टीपर्यंत बाकावर उभा ऱ्हाईल," एवढे सांगून त्यांनी अपूर्णांक शिकवायला घेतले.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका दैनिकात बातमीदार होतो आणि मास्तरांच्या शेजारच्या घरात राहत होतो. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला येणे त्रासाचे होते.

मास्तरांविषयी खात्रीलायक माहिती अशी. वय पन्नाशीच्या पुढे, निवृत्तीला थोडी वर्षे राहिलेली. डोक्यावर काळी टोपी, पायात करकर वाजणाऱ्या चपला. पत्नी सोनाबाई आदल्या पावसाळ्यात वारल्या होत्या. मूलबाळ नाही. सोनाबाईंची धाकटी बहीण तेव्हापासून घर सांभाळायला येऊन राहिली होती. विसर्जनानंतरच्या रविवारी ती गगनबावड्याच्या एसटीने आपल्या घरी गेली. बंदूक मास्तरांच्या लग्नापासून घरात होती. लायसन मास्तरांच्या नावावर होते. त्या सोमवारपर्यंत ती कधी उंबऱ्याबाहेर आल्याचे गल्लीत कोणाला आठवत नव्हते.

मास्तरांचा एक प्रश्न गल्लीला पाठ होता: "जबाबदारी कुणाची?" नळ वाहता दिसला की हा प्रश्न. लग्नाच्या मांडवात चपला पसरलेल्या दिसल्या की हा प्रश्न. आमच्या पेपरात गुळाचा भाव चुकून छापला गेला, तेव्हा मी दाढी करत असताना हाच प्रश्न त्यांनी मला खिडकीतून विचारला. एकदा गल्लीतल्या गटाराचे झाकण उघडे राहिले. मास्तर तिथे खुर्ची टाकून बसले. नगरपालिकेचा माणूस संध्याकाळी आला. तोवर मास्तरांचे जेवण, पेपर आणि दुपारची डुलकी तिथेच झाली होती. आमच्या आईने ताट नेऊन दिले, तर तिलाही त्यांनी विचारले, "आक्का, एखादं पोर पडलं असतं, तर जबाबदारी कुणाची?"

"तुमचीच म्हणायची," आई म्हणाली. "जेवा आता."

शाळेत बंदूक आल्याची बातमी मी सहा ओळींत दिली. मग पत्रे सुरू झाली. एका निवृत्त सुभेदारांनी लिहिले की प्रत्येक शिक्षकाला बंदूक द्यावी, मुलांना वळण लागेल. एका सर्वोदयी कार्यकर्त्याने लिहिले की छडीसुद्धा काढून घ्यावी. एका तालमीच्या वस्तादांचे म्हणणे पडले की बंदुकीपेक्षा दोन पैलवान फाटकावर बसवावेत, दूध शाळेने द्यावे. लक्ष्मीपुरीतल्या एका व्यापाऱ्याने विचारले की मास्तरला बंदूक असेल तर हेडमास्तरला काय, तोफ? संपादक खूश होते. मला मात्र मास्तरांचे म्हणणे छापायचे होते आणि ते मिळत नव्हते.

मिळत नव्हते म्हणजे रोज नवे मिळत होते.

"मास्तर, बंदूक शाळेत कशासाठी?"

"पिसाळलेली कुत्री. परवा एक रंकाळ्याकडनं आलं. पोरं हैत, कुणाला चावलं तर जबाबदारी कुणाची?"

मी लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी ते कार्यालयात आले, माझ्या टेबलाशी बसले आणि कुत्री खोडायला सांगितली.

"मग काय लिहू?"

"सीमेवर काय चाललंय बघतासा न्हवं? युद्ध लागणार. शाळा सावध पायजे."

"पाकिस्तानचं सैन्य मंगळवार पेठेत येईल?"

"तुम्ही पेपरवाले. तुम्हीच सांगा."

त्यानंतर कारण बिबट्या झाला. गगनबावड्याकडे दिसलेला बिबट्या वाट चुकून इतक्या लांब आला तर काय, हा मुद्दा. पुढे शिस्त. पुढे राष्ट्रीय बाणा. मी चहा मागवत होतो आणि खोडत होतो. शेवटी मी म्हणालो, "मास्तर, एक कारण द्या. कुठलंही द्या, पण उद्या तेच ठेवा."

त्यांनी चहा बशीत ओतला, प्याले, बशी पुसली. "छापू नका मग," म्हणाले आणि करकर चपला वाजवत गेले.

शाळेचा कारभार एव्हाना बंदुकीभोवती फिरू लागला होता. शिपाई बाबालाल मुजावर वर्तुळाच्या आत झाडू घालेना. "मास्तरांनी हद्द आखलीया. आत गेलो आन कायतरी झालं तर परत तेच इचारणार, जबाबदारी कुणाची," असे त्याचे म्हणणे. त्यामुळे चौथी 'ब' लखलखीत आणि कोपऱ्यात धुळीचा एक गोल, अशी स्थिती होती. इतर वर्गांतली मुले पाणी प्यायला जाताना वाट वाकडी करून या खिडकीपाशी थांबत. कुलकर्णी यांचा रक्तदाब वाढला. "मी त्यांना तोंडी सांगितलं, लेखी सांगितलं, विनंती केली," ते मला म्हणाले. "ते म्हणतात, ठीक आहे. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घेऊन येतात. भांडत नाहीत हो. भांडले तर काही करता तरी येईल."

शाळेच्या व्यवस्थापक मंडळाने अखेर बैठक बोलावली. विषय एकच. बंदूक आणणे बंद झाले नाही तर मास्तरांना कामावरून कमी करायचे, असे सभासदांचे ठरल्यातच जमा होते. अध्यक्ष गुळाचे अडत्ये होते, अप्पासाहेब. त्यांना सवडीचा दिवस एकच सापडला: खंडेनवमी. त्या दिवशी शाळेत काय असते, हे कोणाच्या लक्षात आले नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे कामाची हत्यारे पुजतात. सुताराची करवत, शेतकऱ्याचा नांगर, छापखान्यात यंत्र. शाळेत घंटा, पृथ्वीचा गोल आणि मोठी फूटपट्टी पुजायची रीत होती. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या दिवशी फुले उतरेपर्यंत त्या वस्तूला हात लावायचा नाही. मांडामांड दरवर्षी बाबालाल करी. त्या सकाळी त्याने घंटा, गोल आणि फूटपट्टी चौथी 'ब'मध्ये नेली, कारण बंदूक तिथे होती आणि शाळेत खरे हत्यार तेच होते. झेंडूची माळ घातली. कुलकर्णी गडबडीत आले, सवयीने चारही वस्तूंना हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला, आरती म्हटली. मागे वळले तर दारात अप्पासाहेब आणि मंडळाचे सभासद हात जोडून उभे. त्यांनीही सवयीने नमस्कार केला होता.

"ही बंदूक बाहेर काढायची, हाच आजचा विषय हाय न्हवं?" अप्पासाहेबांनी विचारले.

"होय," कुलकर्णी म्हणाले.

"आन आता ती उद्यापतोर हलवता येत न्हाय."

"नाही."

"पुजली कुणी?"

कुलकर्णी बोटांवरचे हळदकुंकू पुसू लागले. बाबालाल म्हणाला, "हेडमास्तरांनीच की."

बैठक त्याच वर्गात झाली. सभासद मुलांच्या बाकांवर गुडघे वर करून बसले. मास्तर फळ्यापाशी उभे राहिले. मी दाराजवळ होतो. अप्पासाहेबांनी सरळ विचारले, "मास्तर, बंदूक कशापायी आणतासा?"

"कुत्री," मास्तर म्हणाले. मग थांबून, "आन बिबट्या."

"काडतुसं दाखवा."

"न्हाईत."

"घरी हैत?"

"घरातबी न्हाईत. ती गेल्यापास्नं आणलीच न्हाईत."

"मग बिबट्याला काय पाढे म्हणून दावणार?"

सभासद हसले. मास्तरही थोडे हसले. कुलकर्णी पुढे सरकले. "चव्हाण, तुम्ही निदान किती वेळा चालवली आहे ही?"

"मी कशाला चालवू? मला न्हाय येत. ती चालवायची. म्हायारी शेतात डुकरं यायची, सासऱ्यांनी पोरीला शिकवलं. लग्नात बंदूक दिली ती तिलाच. लायसन तेवढं माझ्या नावावर. नेम तिचा." ते माझ्याकडे वळले. "हे छापू नका."

"अवो, मग घरात ठेवा की," अप्पासाहेब म्हणाले. "एवढा खेळ कशाला? घरात ठेवा, कुलूप लावा, शाळेला या."

मास्तरांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"लायसन देताना साहेबांनी सांगितलंय. बंदूक मोकळ्या घरात टाकून जायची न्हाय. घरात जाणतं माणूस पायजे. इतकी वर्सं ती बसायची. मी शाळेत, ती घरात. कुठं लग्नकार्याला गेलो तर एकटाच गेलोय मी, ती बंदुकीपाशी. मग मेव्हणी बसली. ती तरी किती दिवस बसणार? तिलाबी संसार हाय." ते कोपऱ्याकडे पाहत होते. "आता घरात कोण हाय? उद्या कुणी उचलून नेली, कुणाचं बरंवाईट झालं, तर जबाबदारी कुणाची?"

"इका की मग," मागून एक सभासद म्हणाले.

मास्तर फळा पुसू लागले.

"हे मला पहिल्याच दिवशी का सांगितलं नाहीत?" कुलकर्णी म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता.

"काय सांगू? घरात कुणी न्हाय, असं सांगू?"

ठराव झाला. बंदूक शाळेत आणायची नाही, दसऱ्यानंतर आणल्यास नोकरी जाईल. ठरावावर मास्तरांनीही सही केली.

घरी येऊन मी आईला सगळे सांगितले. तिला नवल वाटले नाही. "सोनाबाई चार घरं सोडून हळदीकुंकवालाबी यायची न्हाय," ती म्हणाली. "तुला काय वाटलं, शिष्ट हुती?" मग ती उठून मास्तरांच्या दारात गेली आणि बंदूक आपल्याकडे ठेवा, मी दिवसभर घरातच असते, असे म्हणाली. मास्तर तिला घेऊन पोलीस चौकीत विचारायला गेले. हवालदार म्हणाला, "आक्का, लायसनवर तुमचं नाव न्हाय. तुम्हाला ठेवता येत न्हाय." आईने त्याला बरेच सुनावले. नियम बदलला नाही. पुजलेल्या बंदुकीपाशी तोवर बाबालाल बसला होता, रात्री मास्तर स्वतः जाऊन झोपले.

दसऱ्याला फुले उतरल्यावर मास्तरांनी बंदूक शाळेतून थेट चौकीत नेली आणि जमा केली. मी बरोबर होतो. हवालदाराने गवसणी काढून बंदूक आत ठेवली, पावती दिली आणि गवसणी टेबलावरून पुढे सरकवली.

"हे लुगडं घेऊन जावा, मास्तर. कापड आमच्याकडं जमा हुत न्हाय."

मास्तरांनी सोनाबाईंच्या त्या लुगड्याची घडी घातली. ती नीट बसली नाही म्हणून पुन्हा घातली.  वाटेत एका घरापुढे नळ वाहत होता, तो त्यांनी पाहिला नाही.

दसऱ्यानंतर शाळा भरली, त्या दिवशी दुपारी बाबालाल कार्यालयात आला आणि चौथी 'ब'मध्ये येऊन बघा, म्हणाला. मी गेलो. मास्तर अपूर्णांक शिकवत होते. नकाशांच्या कोपऱ्यात खडूचे ताजे वर्तुळ होते. आत हिरव्या इरकली लुगड्याची घडी होती. वर्ग झाडलेला होता, वर्तुळाच्या कडेपर्यंत.