नोटिशीचे तुकडे

"खोली खाली करायची नोटीस मिळाली होती ना?" साहेबांनी दारातूनच विचारलं. मागे दोन हमाल, खांद्यावर दोरखंड.

"मिळाली की," शब्दकोशाच्या बाई मान वर न करता म्हणाल्या. "फार छान होती."

इमारतीच्या कार्यालयातून निघालेल्या कागदाला अशी दाद कोणी दिली नव्हती. साहेब गडबडले.

"मग सही केलेली प्रत द्या. ती हातात आल्याशिवाय मला सामानाला हात लावता येत नाही."

"ती कापली."

"कापली? आणि दुसरी?"

"तिची मागची बाजू कोरी होती," बाईंची भाची म्हणाली. ती तिथेच मदतनीस होती. "चिठ्ठ्या केल्या."

यात आपलं काही चुकलं असं बाईंना अजिबात वाटत नव्हतं. या खोलीत आलेल्या कागदातली वाक्यं कापायची आणि शब्दवार चिठ्ठ्यांवर डकवायची, हा नियम. किराण्याची पुडीही त्यातून सुटली नव्हती. त्यात कोशाचं शेवटचं अक्षर चालू, 'हाकलणे'ची नोंद महिनाभर अडलेली, आणि नेमका हा कागद आला. 'बाहेर काढण्यात येईल', 'हटवण्यात येईल', 'हुसकावून लावण्यात येईल'... एका पानात सगळं गोत हजर! बाईंनी हरखून कात्री चालवली. बाहेर काढणार ते आपल्यालाच, हे वाचायचं तेवढं राहून गेलं.

"तुकडे कुठं आहेत?"

"त्या चार कपाटांत. शोधा. पण नोंद पुरी झाल्याशिवाय मी हलायची नाही! 'हाकलणे'च्या पोटात 'हाक' आहे, साहेब. गुरांनासुद्धा आधी हाक मारतात. तुम्ही थेट दोरखंड आणलात."

"गुरं हाकायची, बाई," एक हमाल न राहवून बोलला. "कोंबड्या हुसकायच्या."

"आणि भाडेकरू?"

"भाडेकरू काय, उचलायचे."

"लिही गं!" बाई भाचीवर ओरडल्या.

साहेब चडफडत खण उपसायला बसले. दुसऱ्या दिवशी परत आले. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन आले. शोधता शोधता वाचायला लागले.

"बाई, इथं एक राहिलंय. आई मला दुकानात पिटाळायची. हाकलायची नाही. पिटाळलेलं पोर परत यावं असं वाटत असतं."

ती चिठ्ठी बाईंनी स्वतःच्या हातानं लिहिली.

आठव्या दिवशी शेवटचा तुकडा सापडला. त्यावर शिक्का, तारीख आणि बाईंची सही. साहेबांनी तो उजेडाला धरला. बाई उठल्या आणि कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"उचला आता. आधी मला उचला."

साहेबांनी हमालांकडे पाहिलं. हमालांनी छताकडे.

"हे अक्षर संपलं की जाल ना?"

"छे! मग पहिल्यापासून तपासायचं. तरुणपणी केलाय तो 'अ'. चुकाच चुका आहेत."

"शेवटच्या कपाटाच्या तळच्या खणापर्यंत यायला किती दिवस?"

"मागच्या खेपेला अठरा वर्षं लागली."

साहेब वाकले, तळचा खण ओढला आणि तुकडा आत सरकवला.

"माझ्या नोकरीची सतराच उरलीत," ते म्हणाले.