रविराजचं बोट

वाल्मीकतात्यांनी लासलगावच्या कांदा लिलावात पुतण्याला पहिल्यांदाच एकट्याला उभं केलं, आणि नेमकी त्याच संध्याकाळी नाशिकला त्याच्या इंग्रजी क्लासची परीक्षा होती.

"बोट वर केलं का भाव वाढला, ध्यानात ठेव," तात्या म्हणाले. "आज माती खाल्लीस, तर उद्यापासून गोण्या शिवायला बसवीन." एवढं बोलून ते पलीकडच्या ट्रॉल्यांच्या रांगेला गेले.

रविराजला गोण्यांची भीती होतीच, पण त्याहून जास्त सुमेधा मॅडमची होती. कॉलेज रोडवरच्या त्यांच्या क्लासात ॲडव्हान्स बॅचला फ्रेजल व्हर्ब चालू होते. एक बिचारं क्रियापद धरायचं, त्याला अप-डाऊनचं शेपूट लावायचं आणि मूळ अर्थाला देशोधडीला लावायचं, हा इंग्रजांचा जुनाच उद्योग. मॅडमनी पाठांतराची युक्ती दिली होती, हातवाऱ्यांसकट म्हणायचं. अप आलं की बोट वर.

"गिव्ह अप, सोडून देणे," ट्रॉलीशेजारी उभा रविराज पुटपुटला. बोट वर. लिलाव पुकारणाऱ्या भिकाने भाव वाढवला. "पुट अप विथ, सहन करणे." बोट पुन्हा वर. "शो अप..." आणि ट्रॉली रविराजच्या नावावर पडली. कांदा सगळा कोंब फुटलेला होता.

"ओ भिकाभाऊ, मी नुसतं पाठ करत होतो!"

"पुढची ट्रॉली!" भिका ओरडला.

शेजारी उभे असलेले समाधानशेठ मात्र स्वतःला फार हुशार समजत. "पोरगं इंग्रजीत कायतरी बोलतंय, अन् कोंबाचा कांदा सुद्धा सोडत नाय," ते बाजूच्याच्या कानाला लागले. "दुबईची ऑर्डर हाय, लिहून घे!" झालं. बाजारभर कुजबुज पसरली, जिकडेतिकडे बोटं वर झाली. शेतकरी तर दिसेल त्याला चहा पाजत सुटले.

रविराज तात्यांना शोधत निघाला. कबूल करायचं, शिव्या खायच्या आणि मुकाट्याने दाभण हातात घ्यायचा. त्याला खरंच रडू येत होतं.

तात्या समोरूनच आले आणि त्यांनी त्याला छातीशी धरलं. "शाब्बास रे! तुझ्या क्लासला मी उगीच नावं ठेवत होतो. समाधानशेठ बोलला, अन् मी पलीकडची सगळी रांग उचलली. कोंब-बिंब बघितलेच नाय." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आता सांग, दुबईवाला माल कधी उचलतोय?"