बेचाळीस जणांनी ऐकलेली शिट्टी

चौथीच्या त्रेचाळीस मुलांपैकी बेचाळीस जणांचे कान ठणठणीत निघाले आणि एकच मुलगी बहिरी निघाली. तीही कोण, तर टकळी. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देते, म्हणून वर्गाने तिला ठेवलेलं हे नाव. कान तपासणाऱ्या नर्सने, म्हणजे सिस्टरांनी, वहीत तिच्यापुढे लाल पेन्सिलीने फुली मारली आणि आईला चिठ्ठी धाडली.

सरकारी खर्चाने शाळेतच मुलांचे डोळे, दात, कान तपासायचे, ही सोय सध्या या एकाच शाळेत होती. इथे जमलं तर आणखी वीस शाळांना मिळणार होती. त्यासाठी सिस्टरांनी दोन वर्षं आरोग्य खात्याच्या साहेबांच्या दारात चपला झिजवल्या होत्या. अहवाल त्यांनी त्याच दुपारी पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टकळीची आई लेकीला हाताला धरून दारात हजर.

"बहिरी? ही? अहो, शेजारचे नवराबायको कुजबुजत भांडतात ना, त्याची बातमी ही मला देते!"

"ताई, मशीन खोटं बोलत नाही."

"मग ते आधी तुमच्या कानाला लावा."

सिस्टरांनी मशीनचा हेडफोन चढवला, शिट्टीचं बटण दाबलं. दिवा लागला. शिट्टी नाही. पुन्हा दाबलं. छे! वायरची पिन अर्धवटच बसली होती.

"मी सांगितलं होतं, काहीच वाजत नाही म्हणून," टकळी म्हणाली. "तुम्ही म्हणालात, बरं बाळा, आणि लिहून घेतलंत."

 म्हणजे मुक्या मशीनची शिट्टी बेचाळीस मुलांनी ऐकली होती! सिस्टरांनी वर्गाच्या बाईंना गाठलं.

"मी आदल्या दिवशी बजावलं होतं," बाई चाचरत म्हणाल्या, "शिट्टी वाजली की हात वर. शाळेची मान खाली जाता कामा नये."

"पण वाजलीच नाही, तर हात कशावरून वर केले?"

"तुमचं बोट बघून. आमची मुलं निरीक्षणात पक्की आहेत हो!" मग बाईंनी आवाज उतरवला. "सिस्टर, ती एक फुली खोडा ना, अहवाल नव्याने धाडा. त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस. वीस शाळांचं भलं होईल."

सिस्टरांनी खोडरबर हातात घेतलाही. मग तो ठेवला आणि साहेबांना फोन केला.

साहेब तासाभरात आले, चेहरा आंबट करून. "मशीन मुकं, मुलं हुशार, आणि हे मी वीस शाळांत वाटू? माझ्यासमोर पुन्हा घ्या. मग बघू."

सिस्टरांनी पिन घट्ट बसवली, स्वतः ऐकून पाहिलं आणि बटणापुढे वही उभी केली. बोट दिसेना. आता मुलं कपाळाला आठ्या घालून खरंच ऐकू लागली. टकळीचा हात तर शिट्टीच्या आधीच वर जाईल की काय, असं वाटत होतं.

एकतिसावी आली पहिल्या बाकावरची.

"ही आमची गुणाची," बाई कौतुकाने म्हणाल्या. "वर्गात कितीही कल्ला असो, हिचं लक्ष म्हणून हलत नाही."

सिस्टरांनी बटण दाबलं. गुणाची त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. आवाज वाढवला. आणखी वाढवला. आता हेडफोनमधून शिट्टी साहेबांनाही ऐकू येत होती. गुणाचीचे हात मांडीवर.

सिस्टरांनी हेडफोन काढला आणि तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "बाळा, काल कसा गं वर केलास हात?"

"बोट हललं की." ती जरा गोंधळली. "सगळे तसंच करतात ना?"

 काल तर सगळ्यांनी तसंच केलं होतं.

साहेब टेबलाशी आले. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं. "सिस्टर, तुमचा वीस शाळांचा अर्ज कुठे आहे? आणि हिला मोठ्या दवाखान्यात मी स्वतः नेतो."

बाई भिंतीला टेकल्या होत्या. डोळे पुसत त्या पुटपुटल्या, "मग वर्षभर मी हिला शिकवलं तरी काय?"

गुणाचीने त्यांच्या ओठांवरून प्रश्न अचूक उचलला.

"सगळं शिकवलंत, बाई," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "फक्त तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलता ना, तेव्हा मला सुट्टी असते."