बांबूचं विमान

भूकंप झाला त्या दिवशी नांदेडात मोठं म्हणावं असं एकच मशीन होतं. धरणाच्या कामावरचं पिवळं लोडर. पुढे खोरं, मागे इंजिन आणि मध्ये काचेच्या केबिनमध्ये पंढरी. औसा तालुक्यातल्या गावांत माळवदं बसली होती, माणसं दगडमाती हातांनी उपसत होती, आणि अशा वेळी हे मशीन तिकडे गेलं पाहिजे याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. ज्या कामाबद्दल दुमत नसतं त्याला समिती लागते. पाच जणांच्या त्या समितीत तांत्रिक सदस्य म्हणून मला घेण्यात आलं. मी तेव्हा एका कॉलेजात गणित शिकवत होतो.

समितीला निमित्त झालं ते वरून आलेल्या बिनतारी संदेशाचं. संदेश असा होता: ‘उपलब्ध जड यंत्र हवाईमार्गे तातडीने रवाना करावे.’ मदत विमानाने पोचेल असं कोणीतरी मोठ्या माणसाने सकाळी रेडिओवर सांगून टाकलं होतं. विमान कुठलं, येणार कधी, हे ठरायचं होतं. विमानाच्या पोटाची मापं मात्र फोनवरून मिळाली. उंची अकरा फूट, रुंदी बारा. मशीनची उंची साडेदहा फूट भरली.

समितीचे अध्यक्ष राघवेंद्रराव. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी तारखेशिवाय एकही सही केली नव्हती, आणि ही गोष्ट ते नवीन माणसाला पहिल्याच भेटीत सांगत. पहिली बैठक सुरू असताना पंढरी दारात येऊन उभा राहिला.

“सायेब, रस्ता चांगला हाय,” तो म्हणाला. “आत्ता निघालो तर सात घंट्यात पोचतो. माझी बहीण हाय तिकडं, सारणवाडीला. औशाच्या पुढं. बसच्या डायवरनं निरोप आणला. माळवदाखाली अडकली, पर आवाज देऊन राहिली.”

“नाव काय बहिणीचं?” राघवेंद्ररावांनी विचारलं.

“साखराबाई.”

राघवेंद्ररावांनी ते लिहून घेतलं. माणूस मनाने चांगला होता, हे मी आजही सांगेन. “पंढरी, तुझी तळमळ कळते आम्हाला,” ते म्हणाले. “पण आदेशात रस्ता नाही. रस्त्याने मशीन पाठवलं आणि वाटेत काही झालं, तर रस्त्याने का पाठवलं, याला उत्तर काय? आधी विमानात बसतं का ते पाहू.”

“त्याचं उत्तर मी देतो की, सायेब.”

“तू समितीत नाहीस,” राघवेंद्रराव समजुतीने म्हणाले.

विमान समोर नसताना मशीन त्यात बसतं का हे बघायचं कसं, हा प्रश्न मी सोडवला. आकृती काढायची, आकृतीवरून सांगाडा उभारायचा आणि सांगाड्यात मशीन घालून पाहायचं. सूचना एकमताने मंजूर झाली. महादेवप्पा मंडपवाले यांना बोलावणं गेलं. गणपती आदल्याच दिवशी बुडाले होते, त्यामुळे त्यांचे बांबू मोकळेच होते.

महादेवप्पांनी उभ्या आयुष्यात विमान आतून पाहिलेलं नव्हतं. त्यांनी फक्त एकच विचारलं, “सर, लग्नाचं समजून बांधू की सभेचं?” मी म्हणालो, सभेचं. दुपारी चारपर्यंत मैदानावर अकरा फूट उंच, बारा फूट रुंद आणि चाळीस फूट लांब असं बांबूचं विमान उभं राहिलं. आतून पिवळं कापड, बाहेरून पांढरं. मी स्वतः टेप लावून मापं तपासली. अर्ध्या इंचाचाही फरक नव्हता. मला त्या वेळी जो आनंद झाला तो लपवण्यात अर्थ नाही.

मग कळलं की चाचणी पाहायला वरिष्ठ येणार आहेत. आता मंडप आहे, वरिष्ठ येणार आहेत आणि कमान नाही, असं आपल्याकडे होत नाही. महादेवप्पांना सांगावंही लागलं नाही. विमानाच्या तोंडाशी त्यांनी कमान बांधली, तिला आंब्याच्या पानांचं तोरण लावलं आणि खाली ‘सुस्वागतम्’ची पाटी टांगली. पाटीवर वरिष्ठांचं नाव, पदवी आणि हुद्दा होता. एवढा मजकूर मावायला पाटी वरून खाली फूटभर रुंद करावी लागली. लगेच पंचनामा झाला. त्यात लिहिलं गेलं, ‘सदर ठिकाणी विमान समक्ष पाहिले.’ खाली पाच सह्या. राघवेंद्ररावांच्या सहीखाली तारीख होती.

संध्याकाळी नारळ फोडून पंढरीने मशीन पुढे घेतलं. केबिनचं छत पाटीला जाऊन टेकलं आणि मशीन थांबलं.

“बसत न्हाई,” पंढरी केबिनमधून म्हणाला. “पाटी काढा.”

राघवेंद्ररावांनी माझ्याकडे पाहिलं. प्रश्न तांत्रिक होता. मी सांगितलं की पंचनामा पाटीसकट झालेला आहे, त्यामुळे पाटी आता विमानाचा भाग आहे. विमानाचा भाग काढून मशीन बसवलं तर ते विमानात बसलं असं म्हणता येणार नाही. शिवाय वरिष्ठ अजून यायचे होते, आणि आपलं नाव उतरवलेलं त्यांना कसं दिसलं असतं, हे मी बोललो नाही तरी सगळ्यांच्या लक्षात आलं. सहा इंच कमी पडत होते. विमान मोठं करणं आमच्या अधिकारात नव्हतं, म्हणून मशीन लहान करायचं ठरलं. चारी चाकांतली हवा सोडली. मशीन सात इंचांनी खाली बसलं आणि तोरणाची पानं छताला घासत आत गेलं.

टाळ्या झाल्या. वरिष्ठ रात्री येऊन गेले. त्यांनी पाटी वाचली आणि समाधान व्यक्त केलं. ‘यंत्र विमानात एक इंच राखून बसते’ असं प्रमाणपत्र मी माझ्या हाताने लिहिलं.

मशीन तसंच मागे घेऊन बाहेर काढलं, पण आता पुढे कुठे न्यायचं तर चाकांत हवा नव्हती. बाजारातल्या पंक्चरवाल्याचा हवेचा पंप आणला. तो ट्रकच्या चाकांना पुरा पडायचा, या चाकांपुढे त्याचा दम जाऊ लागला. चारी चाकं टणक व्हायला सात तास लागले. तेवढा वेळ पंढरी चाकाला पाठ लावून बसून होता. महादेवप्पांनी त्याला चहा नेऊन दिला, तो तसाच निवला. एकदा मी जवळ गेलो तेव्हा त्याने विचारलं, “सर, माणूस माळवदाखाली किती दिस राहतो?” मी म्हणालो, हा माझा विषय नाही. खरंच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रमाणपत्राला वरून उत्तर आलं. चाचणीबद्दल अभिनंदन होतं. पुढे असं लिहिलं होतं की नांदेडची धावपट्टी या विमानाला आखूड पडते. विमान दूरच्या मोठ्या विमानतळावर उभं आहे, तरी यंत्र रस्त्याने तिथे आणावं. मी नकाशा उघडला. त्या विमानतळाचा रस्ता लातूरवरून, औशावरून आणि सारणवाडीच्या फाट्यावरून पुढे जात होता.

“म्हणजे मशीन जिथे न्यायचंय तिथून पुढे न्यायचं, मग विमानात घालायचं,” मी म्हणालो. “उतरवायचं कुठे? लातूरची धावपट्टीही आखूडच आहे.”

यावर राघवेंद्ररावांनी फोन केला. पाऊण तासाने त्यांना उत्तर मिळालं. विमान मशीन घेऊन वर जाईल, एक फेरी मारेल आणि त्याच विमानतळावर उतरेल. तिथून मशीन रस्त्याने औशाला परत येईल. “हवाईमार्गाची अट पूर्ण होते,” ते म्हणाले. त्यांच्या कपाळावरची आठी गेली होती. माझीही गेली, कारण गणितात चूक नव्हती.

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. पुढे जीपमध्ये राघवेंद्रराव आणि मी, मागे मशीन. वाटेत कुठेही थांबायचं नाही, मशीन कोणी मागितलं तर ‘विमानाने येत आहे’ असं सांगायचं, अशी लेखी सूचना पंढरीला दिली होती. लातूर मागे पडलं. औशात लोक हात करत रस्त्यात आले. राघवेंद्ररावांनी जीपमधून हात जोडले आणि आदेशाची प्रत दाखवली.

सारणवाडीचा फाटा गेल्यावर मी मागे वळून पाहिलं. मागे रस्ता होता, मशीन नव्हतं.

आम्ही गावात पोचलो तेव्हा पंढरीने कामाला हात घातलेला होता. गावकऱ्यांनी दोन दिवसांत पहारींनी अर्धा ढीग उपसला होता. एक तुळई आणि तिच्यावर पडलेली दगडी भिंत एवढंच त्यांच्याच्याने हलत नव्हतं. पंढरीने खोरं तुळईखाली घातलं आणि श्वास धरावा तसं ते हळूहळू वर घेतलं. दोघे जण आत शिरले. मी घड्याळ पाहिलं. मशीन गावात आल्यापासून साखराबाईला बाहेर काढेपर्यंत चाळीस मिनिटं लागली होती.

तिचे केस मातीने पांढरे झाले होते. पाणी पिऊन झाल्यावर ती भावाला म्हणाली, “पंढऱ्या, एवढा येळ कामून लागला रे?”

पंढरी खाली बसून रडायला लागला. साखराबाईची तीन वर्षांची अंजू शेजारणीच्या कडेवरून आईकडे झेपावली. मी तोंड फिरवलं तर राघवेंद्रराव डोळे पुसत होते. डोळे पुसून झाल्यावर ते माझ्या कानाशी आले. “अनंतराव, मशीन आत्ता कागदावर कुठे आहे?”

मी म्हणालो, “विमानाकडे जाताना रस्त्यावर आहे.”

“म्हणजे इथे नाही.”

“इथे नाही.”

“मग बाई कशाने निघाली?”

चौकशी इथून सुरू झाली. मशीन विमानातून उतरलेलं नसल्यामुळे ते सारणवाडीत आलेलं नव्हतं. न आलेल्या मशीनने उचललेली भिंत उचललेली धरता येत नव्हती. आठ दिवसांनी कार्यालयातून पत्र निघालं की अनधिकृतपणे हलवलेला मलबा पूर्ववत करण्यात यावा. पत्र द्यायला मलाच पाठवलं. साखराबाई पत्र्याच्या शेडसमोर भाकरी थापत होती. मी पत्र वाचून दाखवलं.

“मंग मला बी आत बसवता का परत?” तिने विचारलं.

मी हे राघवेंद्ररावांना जसंच्या तसं कळवलं. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि शेरा मारला, ‘आवश्यकता नाही. त्यासाठी स्वतंत्र मंजुरी लागेल.’

पंढरी निलंबित झाला. ठपका असा होता की त्याने विमानात न बसता पोचण्याचा प्रकार केला. मशीन पुढे त्या विमानतळावर नेलं, तोवर विमान परत गेलं होतं. ते खऱ्या विमानात बसलं असतं का, हे आजही कोणाला ठाऊक नाही. माझ्या मते बसलं असतं. तिथे पाटी नव्हती.

पुढे मी नोकरी सोडली आणि लातुरात क्लास काढला. बाहेरगावची पोरं डबे लावून खोल्यांमध्ये राहू लागली, गल्लीगल्लीत ठोकळ्यांएवढी पुस्तकं विकली जाऊ लागली, त्या दिवसांतली गोष्ट. क्लास जोरात चालला, आणि तो चालला त्या एका उदाहरणावर. ते मी पहिल्याच चाचणीत घालतो. ‘सारणवाडी येथे माळवदाखाली एक बाई आहे. ती आवाज देत आहे. नांदेडहून तेथवर रस्त्याने सात तास लागतात. यंत्राची उंची साडेदहा फूट, विमानाची अकरा फूट, पाटीची रुंदी एक फूट. हवा सोडल्यास यंत्र सात इंच खाली बसते. यंत्र विमानात बसेल काय?’

मी मुलांना शिकवतो की उदाहरणात दिलेली प्रत्येक गोष्ट उपयोगाची नसते. परीक्षक मुद्दाम जास्तीची माहिती घालतो आणि हुशार मुलगा ती आधी पट्टी लावून खोडतो. पहिली तीन वाक्यं खोडली की उदाहरण दीड मिनिटात सुटतं. न खोडणारी मुलं त्यांच्यात अडकून बसतात आणि मग कुठेच लागत नाहीत. पंधरा वर्षांपूर्वी मी स्वतः हे उदाहरण सोडवायला तीन दिवस घेतले होते, हे मी त्यांना सांगत नाही.

एका वर्षी अंजू आली. सारणवाडीची, दहावीला तालुक्यात पहिली. तिने तिन्ही वाक्यं सरळ रेषेत खोडली आणि पैकीच्या पैकी मार्क घेतले. उत्तरपत्रिकेवर पालकाची सही लागते. साखराबाई एसटीने आली. तिने मला ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. पदराने चष्मा पुसून तिने पेपर डोळ्यांजवळ धरला.

“हे काय खोडलंय, सर?”

“अनावश्यक माहिती,” मी म्हणालो.

तिने त्या तीन ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “मार्क किती पडले?”

“पैकीच्या पैकी.”

“मंग ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली आणि सही केली.

तुम्हाला तिचा राग आला असेल, माझा तर आलाच असेल. पण मी आजवरच्या सगळ्या उत्तरपत्रिका कपाटात जपून ठेवल्या आहेत. तुमच्या मुलाचाही पेपर त्यात आहे. मुलगा हुशार आहे, त्याने एका मिनिटात सोडवलं. ती तीन वाक्यं त्याने पट्टी लावून खोडली आहेत आणि खाली तुमची सही आहे, तारखेसकट.