आईसाहेबांनी किल्लेदाराचे मर्म सांगितले, त्या बाद फेरीची हकीकत

श्री रणांगणीची माय प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, माघ मास, शुक्ल पक्ष. ते समयी नदीअलीकडील राज्यात आवडाबाई आईसाहेब यांचा पुत्र सुभानजी किल्लेदार याने जे वर्तन केले ते वैऱ्याच्या पुत्रानेही करू नये, ऐसे जाहले. त्याचे वर्तमान साद्यंत लिहिले आहे, ते श्रोत्यांनी खोकला आवरून श्रवण करावे.

या राज्यी हाकी नामे वाकड्या काठीचे युद्ध पूर्वापार चालत आले. अकरा वीर अलीकडचे, अकरा पलीकडचे, मध्ये एक चेंडू, आणि दोहों अंगांस जाळीचे दोन दरवाजे. दरवाजा राखी तो किल्लेदार. सुभानजी या राज्याच्या दरवाजावर बहुत वर्षे उभा राहिला आणि छातीवर चेंडू झेलून झेलून छातीस तांब्याच्या घंगाळाप्रमाणे पोचे पाडून घेता जाहला. पूर्वी वीर ज्या गावी जन्मत त्या गावासाठी लढत आणि तेथेच गुडघे फोडून घेत. परंतु मग लिलावाची चाल पडली. वर्षारंभी सर्व वीरांची नावे एका मांडवात पुकारतात आणि राज्याराज्यांचे कारभारी हात वर करून त्यांस घेतात, बैलबाजारी दात पाहून घेतात तैसे. अंतर इतकेच की बैलास नवी झूल मिळाली म्हणून तो जुन्या धन्यासमोर येऊन नाचत नाही. सुभानजी लिलावी नदीपलीकडच्या राज्याकडे गेला आणि हिरवा अंगरखा अंगी चढविला, हे एक असो. परंतु साखळी सामन्यात अलीकडच्यांस हरवून, ज्या पायरीवर खुद्द जन्मदाती बसली होती त्या पायरीसमोर येऊन, दोन्ही हात कानांमागे धरून, "काय म्हणता? ऐकू येत नाही," ऐसी खूण केली. सर्व सभा शिव्या देऊ लागली. आईसाहेब उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हेच कान धरून शाळेत नेला होता मेल्याला. तेव्हाच उपटले असते, तर आज हात धरायला जागा उरली नसती!" आणि त्या दिवसापासून हिरव्या अंगरख्याने आमचा उंबरा चढू नये ऐसा हुकूम जाहला, आणि सुभानजीनेही उलट शब्द धाडला नाही.

आईसाहेबांचा दरारा काय वर्णावा. लिहिणे म्हणाल तर सहीपुरते, आणि तीही करिता करिता शाई वाळून जाई. परंतु मैदानी जीभ सुटली म्हणजे पंडितांनी पोथी गुंडाळावी. उत्तरेकडील तिसऱ्या पायरीवर त्यांचे आसन, कमरेस चंची, हाती अडकित्ता, आणि खाली खेळणारांस जो निवाडा मिळे तो पंचाच्या शिट्टीआधी वरून मिळे. चिमणाजी नामे आघाडीचा सरदार होता, राज्याने मोठ्या हौसेने आणलेला, केसांस दर सामन्यास नवा रंग. त्याजविषयी आईसाहेब म्हणत, "त्याला पाडायला माणूस लागत नाही, वारा पुरतो. पडला की असा लोळतो, जणू विंचू डसला; आणि पंचानं मान हलवली की असा उठून पळतो, जणू विंचूच उतरला." निंबाजी सेनापती होता, त्याच्या काठीतून चेंडू सुटला म्हणजे बंदुकीतून गोळी सुटली म्हणावे. त्याजविषयी मत ऐसे की, "मनगट देवाचं, डोकं उसनं. विहिरीत उडी टाक म्हटलं तर टाकील, फक्त कडेला उभं राहून सांगायला कोणीतरी हवं." सातासमुद्रांपलीकडून एक वलंदेज, म्हणजे हॉलंड मुलखीचा, सरदारही आणविला होता, त्यास या मुलखीचा शब्द एकच येई, तो म्हणजे 'चला'. त्याजवर मर्जी पूर्ण. "बोलत नाही म्हणून खेळतो. आपल्या पोरांना हा रोग लागू दे रे देवा." पंचाविषयी कोणी विचारिले तर म्हणत, "आंधळा नाही तो. आंधळ्याला निदान कानांनी तरी कळतं." आणि सुभानजीविषयी विचारिले तर म्हणत, "कोण सुभानजी?" परंतु शेजारच्या पायरीवरील एका बाईने त्यास 'हिरवा गद्दार' ऐसे म्हटले, तेव्हा आईसाहेबांनी तिजकडे एकवार पाहिले मात्र, आणि ती बाई पुढील सामन्यापासून दक्षिणेकडे बसू लागली.

मग साखळी सरली आणि बाद फेरी लागली. बाद फेरी म्हणजे हरला तो घरी. तेथे पुढल्या आठवड्याचा भरवसा नाही. अलीकडचे राज्य पडत, रडत, एक सामना चिमणाजीच्या पडण्यावर आणि दुसरा वलंदेजाच्या न पडण्यावर जिंकून अंतिम युद्धास पोहोचले. करंडक या राज्यी एकदाच आला होता, तोही आईसाहेबांचे केस काळे असता. तो पुन्हा एकदा आपल्या गावच्या चौकात ठेवलेला पाहावा आणि मग डोळे मिटावे, याखेरीज त्या माउलीने देवाजवळ काही मागितले नव्हते. आणि समोर पलीकडचे राज्य, आणि त्यांच्या दरवाजावर पोटचा पोर.

तेव्हा सामन्याच्या आदल्या दुपारी दरबारचे कारभारी बापूजीपंत हे खण, नारळ आणि पेढ्यांचा पुडा घेऊन, मागे निंबाजी सेनापतीस घेऊन, आईसाहेबांच्या ओसरीवर आले. पंत म्हणाले, "आईसाहेब, राज्य संकटात आहे." आईसाहेब म्हणाल्या, "तुम्हाला कारभारी केलं तेव्हाच ते कळलं. कामाचं बोला." मग पंत घाम पुसून बोलिले की, "सामना बरोबरीत सुटला तर एकास एक झुंज लागेल. आमचा वीर चेंडू घेऊन एकटा, समोर किल्लेदार एकटा. त्या झुंजीत सुभानजी यंदा कोणास हार गेले नाहीत. त्यांचे मर्म या जगी एकाच माणसास ठाऊक असेल, म्हणून..." आणि वाक्य अर्धे टाकून खण पुढे सरकविला. "ही काय, लाच?" "मान, आईसाहेब, मान!" "मानाचा खण इतका विरविरीत नसतो. उचला तो."

आणि आईसाहेब खांबास टेकून बसल्या आणि विचार करू लागल्या. एकीकडे नऊ मास वाहिलेला पोर, दुसरीकडे जन्मभर वाहिलेले राज्य. मग ते कानांमागे धरलेले हात डोळ्यांपुढे आले, आणि राज्याचे पारडे जड जाहले. म्हणाल्या, "राज्य आधी. ऐका. माणूस अंगावर आला की तो आधी डाव्या अंगावर लवंडतो. पाळण्यातसुद्धा डाव्या कुशीवर निजायचा. आता म्हातारपणी काय सुधारणार? तो डावीकडे गेला की त्याची उजवी बाजू उघडी. तिकडून घाला." निंबाजीने बोटांवर हिशेब केला आणि विचारिले, "त्याची उजवी की माझी उजवी?" "त्याची रे, बाबा, त्याची! तुझी तुझ्यापाशीच ठेव."

पंतांस ऐसा आनंद जाहला की जिभेवरचे कुलूप निघाले. म्हणाले, "आमचा कयास खराच निघाला म्हणायचा! वय झाले, एकाच अंगावर पडतात, म्हणून तर लिलावी त्यांचे नाव पुकारले तेव्हा आपल्या दरबाराने हात वर केला नाही. मांडवात बराच वेळ कोणीच करीना. बिचारे उभे होते खाली पाहत. शेवटी पलीकडच्यांनी घेतले." आईसाहेबांच्या हातचा अडकित्ता थांबला. "हात वर केला नाही? मला तर तुम्हीच येऊन सांगितलंत, पोरानं आपण होऊन पाठ फिरवली म्हणून." पंत म्हणाले, "ते... लोक खवळतील म्हणून दरबारची तशी तजवीज..." आणि खाली पाहू लागले. आईसाहेब काही बोलल्या नाहीत. ही गोष्ट त्या ओसरीवर पूर्वी कधी घडली नव्हती, म्हणून निंबाजी घाबरून उठला. मग इतकेच म्हणाल्या, "पेढेही उचला." ते गेल्यावर दाराआडून ऐकत असलेली थोरली सून म्हणाली, "आत्याबाई, अजून निरोप धाडता येईल, की मी चुकीचं सांगितलं म्हणून." आईसाहेब म्हणाल्या, "शब्द दिला तो दिला. सांगितलेलं खरं फिरवून खोटं करू काय? मी काय दरबार आहे?"

दुसरे दिवशी युद्धास तोंड लागले. मैदानाभोवती मुंगीस वाट नाही, ऐसी दाटी. पहिल्या डावी पलीकडच्यांनी एक चेंडू घातला, तेव्हा आईसाहेब आपल्या नव्या किल्लेदारास म्हणाल्या, "अरे, दार राखायला ठेवलाय तुला, पाहुणे घ्यायला नाही!" मग निंबाजीने कोपऱ्याच्या हल्ल्यात, ज्यास पंच पेनल्टी कार्नर म्हणतात, गोळी सोडली, ती सुभानजीच्या खांद्यावरून जाळीत गेली, बरोबरी जाहली, आणि आईसाहेबांनी टाळी वाजविली, परंतु सुभानजी खांदा चोळू लागला तेव्हा टाळीचे हात तैसेच जुळलेले राहिले. चिमणाजी त्या दिवशी इतक्या वेळा पडून रडला की माळ्याने पाणी देण्याची गरज राहिली नाही. ऐसे लढता लढता वेळ सरली, आणि जे व्हायचे तेच जाहले: एकास एक झुंज लागली.

प्रथम वलंदेज निघाला. त्यास भाषा येत नसल्यामुळे मसलत कोणी सांगितलीच नव्हती. तो आपल्या अकलेने सुभानजीच्या डावीकडून गेला आणि चेंडू जाळीत घालून, "चला," ऐसे म्हणून परत आला. मग चिमणाजी निघाला. सुभानजी डावीकडे लवंडला, चिमणाजी मोठ्या डौलाने उजवीकडे वळला, तों सुभानजीचे लवंडणे हे सोंगच निघाले; डावा गुडघा टेकल्यासारखा केला आणि उजवा पाय तोफेच्या नळीसारखा सोडला. चेंडू अडला, चिमणाजी पडला. त्यामागील दोघे वीरही उजवीकडे गेले आणि तैसेच परतले, मेंढरामागे मेंढरू खड्ड्यात जाते तैसे. तिकडे पलीकडच्यांचे चेंडू दोन गेले. आता निंबाजी सेनापती शेवटचा. घातला तर बरोबरी, नाही तर करंडक नदीपार.

आईसाहेबांस तोवर सोंग पुरते उमगले होते. लबाड डावीकडे जातच नाही. म्हणजे डावी बाजू सताड उघडी! आणि निंबाजी, ज्याचे डोके उसने, त्याने चेंडूजवळ उभे राहून मान वर केली आणि थेट तिसऱ्या पायरीकडे पाहिले. सर्व सभेनेही तिकडे पाहिले. आईसाहेबांचे एक बोट हलते तर करंडक अलीकडे राहण्याची आशा होती. ओठांपर्यंत शब्द आला. चौक दिसला, चौकात करंडक दिसला, फुले दिसली. आणि मग खाली दरवाजात तो एकटा दिसला, मांडवात खाली पाहत उभा होता म्हणे, तैसाच. कोणाचा हात वर होतो की काय याची वाट पाहणारा. आईसाहेबांनी नजर काढून घेतली, चंची उघडली, त्यातली सुपारी निवडली, आणि अडकित्त्यात धरून कातरू लागल्या. जन्मभर ज्या बाईने न विचारता सल्ला दिला, तिने विचारल्यावर दिला नाही. निंबाजी उजवीकडून गेला. चेंडू अडला. करंडक गेला.

मग एकच आकांत जाहला. बापूजीपंत पायऱ्या चढून आले आणि सभेदेखत म्हणाले, "आईसाहेब, पुत्रमोहाने खोटे मर्म सांगून राज्याचा घात केलात!" आईसाहेब उत्तर देणार तों मागून हिरवा अंगरखा आला. सुभानजी कुंपण ओलांडून, शिरस्त्राण काखेत घेऊन, आईच्या पायांवर डोके ठेविता जाहला, आणि उठून पंतांस म्हणाला, "पंत, आईने खरेच सांगितले. मी जन्मभर डावीकडेच लवंडतो. तुम्ही तिजकडे जाणार हे मला ठाऊक होते, आणि ती पोरापेक्षा राज्य मोठे मानून खरे तेच सांगणार हेही ठाऊक होते. त्या भरवशावर सोंगाचा सराव केला. आई खोटे बोलती, तर आज आमचीच हार होती." हे ऐकून पंतांस बसण्यास पायरी सापडेना.

आईसाहेबांनी पोरास वरपासून खालपर्यंत पाहिले. "दरबारानं हात वर केला नाही, हे मला का सांगितलं नाहीस?" सुभानजी म्हणाला, "सांगितलं असतं तर तू दरबाराचं तोंड पाहिलं नसतंस, मैदानात पाऊल टाकलं नसतंस. मग घरी बसून काय करणार होतीस? सुनेला कोपऱ्याचा हल्ला शिकवणार होतीस? माझ्यावर रागावलीस तर निदान सामना बघायला तरी येतेस." आईसाहेबांनी पदर डोळ्यांस लावला आणि धूळ फार उडते म्हणून माळ्यास दोन शिव्या दिल्या.

सारांश, त्या साली करंडक नदीपलीकडे गेला. पंत कारभारातून गेले. चिमणाजीस पुढील लिलावी ज्यांनी घेतले ते अद्याप पस्तावतात. वलंदेज मात्र राहिला. निंबाजीने वर पाहिले तेव्हा आईसाहेबांस काय ठाऊक होते, हे त्यांनी पोरासही कधी सांगितले नाही. आणि किल्लेदाराच्या वर्तनाचा निवाडा त्याच पायरीवर, सर्वांसमक्ष, खड्या आवाजात जाहला तो ऐसा: "सुभान्या, करंडक घालवलास, त्याला माफी नाही. आईच्या खरेपणावर डाव लावलास, त्यालाही नाही. लबाड आहेस तू, पक्का लबाड. आणि ही लबाडी तुझ्या बापाकडची नव्हे, त्या घराण्यात एवढी अक्कल कोणालाच नव्हती."